काकांचा ठिपका

सायकलवाल्यांइतकी ढोंगी जमात मी पाहिलेली नाही, आणि मी तीस वर्षं बँकेत काढली आहेत. रविवारी पहाटे चेन्नईतल्या तिरुवान्मियूरच्या सिग्नलपाशी आम्ही चौदा जण गोळा व्हायचो. अंगाला चिकटलेले भडक टीशर्ट, डोक्यावर कलिंगडाच्या फोडीसारखी हेल्मेटं आणि तोंडात एकच मंत्र, ‘वी आर फॅमिली’. फॅमिली म्हणे! कोणाच्या घरी कोण आजारी आहे ते ठाऊक नाही, कोणाची पोरं कुठे शिकतात ते ठाऊक नाही, पण कोणाच्या चाकाचं वजन किती ग्रॅम ते तोंडपाठ. अशी ती फॅमिली. मी तिच्यात पाच वर्षं होते. आता नाही. का नाही, तेच सांगायला बसले आहे, आणि गोड करून सांगणार नाही. गोड बोलणं मला जमत नाही, हे माझ्या आईनं मी सात वर्षांची असतानाच जाहीर करून टाकलं होतं.

बदली होऊन सांगलीहून चेन्नईला आले तेव्हा मी पंचेचाळिशी ओलांडली होती. नवरा तिकडेच, त्याच्या कॉलेजच्या नोकरीत. मी पेरुंगुडीत एका बिल्डिंगच्या सहाव्या मजल्यावर एकटी. तमिळ येत होतं ते भाजीवालीपुरतं. ऑफिसात सगळे माझ्याशी इंग्रजीत बोलायचे आणि एकमेकांशी तमिळमध्ये हसायचे. दोन वर्षं अशी गेल्यावर साखर वाढली. डॉक्टर म्हणाले चाला. पेरुंगुडीत कुठे चालणार, खड्ड्यात? म्हणून सायकल घेतली आणि या टोळक्याला जाऊन मिळाले.

आमचा कॅप्टन एका आयटी कंपनीत मोठा साहेब. दर रविवारी निघण्याआधी तो दहा मिनिटं भाषण ठोकायचा. गाड्या अंगावरून जाताहेत, डास फोडून खाताहेत आणि हा आपला सांगतोय, नो वन गेट्स लेफ्ट बिहाइंड, कोणालाही मागे सोडायचं नाही. त्यासाठी यांच्यात एक पद्धत असते. सगळ्यात शेवटी चालवणाऱ्याला हे लोक स्वीप म्हणतात. आपल्या भाषेत मागचा राखणदार. सगळ्यात हळू माणसाच्याही मागे राहायचं, तो थांबला तर थांबायचं, एवढंच त्याचं काम. हे काम कॅप्टननं मला दिलं. मान म्हणून दिलं, असं टाळ्या वाजवून सांगितलं. अरे बाबा, माझी सायकल पुढे जात नाही असं सरळ सांग ना! तेव्हापासून तो माणूस माझ्या डोक्यात गेला तो गेलाच.

काका भेटले ते माझ्या तोंडामुळेच. नीलांकराईच्या पुढे एका गाडीवाल्यानं मला घासून गाडी नेली. मी मराठीत ओरडले, “मेल्या, डोळे काय घरी ठेवून आलास?” तर मागून उत्तर आलं, “घरी नाही बाई, फोनात ठेवलेत.” मी दचकून ब्रेक लावला. सत्तरीचा एक हडकुळा माणूस, कपाळाला गंध, खाकी हाफपँट, जुनी पोलादी सायकल. तंजावरचे मराठी. पिढ्यान् पिढ्या इकडेच. चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या सरकारी कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य गेलं आणि आता तिरुवान्मियूरला मुलाच्या घरी राहत होते. त्यांचं मराठी एखाद्या जुन्या कागदातून निघाल्यासारखं आणि चाल तमिळ. “तू जा पुढं, मी सावकास येऊलालो,” असं म्हणायचे. पहिल्यांदा मला हसू आलं. मग घरी जाऊन मी रडले, कारण दोन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला आपल्या भाषेत टोमणा मारला होता.

पुढच्या रविवारपासून काकाही आमच्या टोळक्यात आले. मी मागची राखणदार आणि काका सगळ्यात हळू, म्हणजे आमची जोडीच झाली. पनैयूरपर्यंतचे बारा किलोमीटर गप्पा मारत जायचं. ते मला सायकलीचं काय काय शिकवायचे आणि माझ्या महागड्या सायकलीला नावं ठेवायचे. मी त्यांच्या मराठीला हसायचे, ते माझ्या तमिळला हसायचे. त्या सगळ्या गर्दीत मला आवडणारा माणूस एकच, आणि तो हा.

आता मुलाबद्दल सांगते. काकांच्या हृदयाला दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला होता. काकू त्याआधीच गेलेल्या. मुलानं जाहीर केलं, सायकल बंद. काका चार दिवस जेवले नाहीत म्हणे. शेवटी तह झाला. काकांनी फोन खिशात ठेवायचा, त्यातलं ठिकाण दाखवणारं अ‍ॅप चालू ठेवायचं. मुलगा घरी बसून नकाशावर बापाचा निळा ठिपका बघणार. ठिपका दहा मिनिटांपेक्षा जास्त एका जागी थांबला की मुलगा फोन करणार. आणि एकदा जरी काही गडबड झाली तरी सायकल जाणार, त्यावर परत चर्चा नाही. काका हे हसत हसत सांगायचे, पण हसणं ओठांपुरतंच असायचं. “सायकल गेली की मी काय, बाल्कनीतलं कुंडीतलं झाड,” एकदा म्हणाले. त्या मुलाला न पाहताच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बापाला ठिपका करून ठेवलंय!

आणि काकांना दम लागायला लागला. आधी पाच मिनिटं बसायचे, मग दहा, मग पंधरा. मुलाचे फोन सुरू झाले. “अप्पा, का थांबलात? छातीत दुखतंय का? गाडी घेऊन येऊ?” एका रविवारी पनैयूरला एका बंद बंगल्याच्या कुंपणालगतच्या कट्ट्यावर बसले असताना त्यांनी खिशातून फोन काढला, माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, “बाई, याला फिरवून आण. मी इथं वारं खातो.” आम्ही दोघंही पोट धरून हसलो. मी त्यांचा फोन खिशात टाकून, आम्ही जिथून परत फिरायचो त्या मुट्टुकाडूच्या पुलापर्यंत गेले आणि परत आले. काका कट्ट्यावर ताजेतवाने. मुलाचा एकही फोन नाही. संध्याकाळी मुलानं शेजाऱ्यांना सांगितलं की आमचे अप्पा या वयात पन्नास किलोमीटर मारतात.

झालं, पद्धतच पडली. दोन रविवारांत सगळ्या ग्रुपला कळलं. मला वाटलं, कॅप्टन आता भाषण देणार. पण त्यानं काय करावं? नियम केले! ठिपका अठराच्या वर पळवायचा नाही, माणूस एकाहत्तर वर्षांचा आहे. पुलावर नऊ मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं नाही. चढावर ठिपका हळू घ्यायचा. मुलाचा फोन आला तर उचलायचा नाही, सायकलवर माणूस फोन उचलत नसतो. दोनदा आला तर ‘रायडिंग, ऑल फाइन’ एवढा मेसेज टाकायचा. काकांच्या फोनला कुलूप नव्हतं, त्यामुळे तेही सोपं. पाळीपाळीनं कोणीतरी ठिपका न्यायचा. एकदा एका तरण्याताठ्या गड्यानं तो तीसच्या वेगानं नेला, तर बाकीच्यांनी त्याला इतकं फैलावर घेतलं की तो पुढचा आठवडा आला नाही. परत येताना काकांना कट्ट्यावरून उठवायचं, फोन त्यांच्या खिशात घालायचा, आणि ठिपका नि माणूस दोघं एकत्र घरी. सहा महिने कोणी ताकास तूर लागू दिली नाही. मी मात्र तेव्हाही म्हणत होते, की हे यांना काकांसाठी करायचं नाहीये, यांना गंमत म्हणून करायचंय. माझा स्वभाव.

एक गोष्ट मात्र कोणाच्याच ध्यानात आली नाही. काका कट्ट्यावर बसले की ते मोजणीत नाहीत, असं कधी ठरलं नव्हतं, पण झालं होतं. मी मागची राखणदार, सगळ्यात हळू माणसाच्या मागे राहणं माझं काम. आणि मी दर रविवारी सगळ्यात हळू माणसाला कट्ट्यावर ठेवून पुढे जात होते.

त्या रविवारी ठिपका न्यायची ज्यांची पाळी होती ते दोघं गावाला गेले होते. काका म्हणाले, “आज तूच ने, बाई.” मी फोन पाठीमागच्या खिशात टाकला आणि निघाले. सकाळी सात वाजता अंगाची लाही लाही होत होती. वाटेत एका बसनं मला वाळूत घातलं, मी त्या ड्रायव्हरच्या सात पिढ्या काढल्या, आणि पुलावर पोचले तेव्हा डोकं तापलेलंच होतं. तिथे यांचे फोटो चालू. अंगठे वर करून, सायकली डोक्यावर धरून. कॅप्टन माणसं मोजत होता. पूर्वी तो बोट करून डोकी मोजायचा. पण सगळे फोटो काढत इकडेतिकडे पांगलेले असतात म्हणून हल्ली फोनवरच ग्रुपच्या नकाशात बघायचा. काका आणि गावाला गेलेले दोघं धरून चौदा, म्हणजे आज बारा हवेत. बारा ठिपके मोजले, ‘ऑल हिअर’ म्हणाला आणि माझ्याकडे वळून विचारलं, “अंकल?” मी पाठीवरच्या खिशावर थाप मारली. म्हटलं, “हे काय, इथेच आहेत.” सगळे हसले. मीही हसले.

मग फोन वाजला. नियमाप्रमाणे उचलला नाही. परत वाजला. परत वाजला. काय वैताग आहे, म्हटलं मनात, एक दिवस बापाला मोकळं सोडवत नाही का मेल्याला? एका हातात इडलीची प्लेट होती. दुसऱ्या हातानं मी टाइप केलं, रायडिंग, ऑल फाइन. फोन गप्प झाला. मी चटणी मागून घेतली.

परत आलो तर कट्टा रिकामा. सायकलही नाही. क्षणभर वाटलं, कंटाळून घरी गेले असतील. आणि मग लक्षात आलं की ते घरी जाऊच शकत नाहीत, त्यांचा फोन माझ्याकडे आहे. तेवढ्यात पुढच्या कोपऱ्यावरून शहाळीवाली हात करून बोलवायला लागली. काकांची सायकल तिच्या गाडीमागे उभी होती, हँडल वाकलेलं. ती तमिळमध्ये भराभरा सांगत होती आणि कॅप्टनचा चेहरा पांढरा पडत चालला होता. त्या दिवशी काकांना बरं वाटत होतं म्हणे. म्हणून उठून आपले आपण थोडं पुढे निघाले. कुत्रं आडवं आलं, चाक वाळूत घसरलं, मांडीवर पडले ते उठताच येईना. शहाळीवालीनं आणि एका रिक्षावाल्यानं सावलीत ओढलं. घरच्यांचा नंबर विचारला तर म्हणाले, फोनात आहे. फोन कुठे आहे विचारलं तर म्हणाले, पुलावर गेलाय. तिला वाटलं, म्हाताऱ्याच्या डोक्याला मार लागला. रिक्षात घालून जवळच्या हॉस्पिटलात पाठवलं. त्याला तासभर होऊन गेला होता.

हॉस्पिटलात आम्ही पोचलो ते मुलाच्या आधी. हे कसं, ते काउंटरवरच्या बाईनं सांगितलं. काकांच्या खिशात मुलानंच घातलेलं नावपत्त्याचं कार्ड होतं. तिनं त्या नंबरवर फोन केला, तुमच्या वडलांना इथे आणलंय, लवकर या. मुलगा म्हणाला, हे असले फसवणुकीचे फोन मला माहीत आहेत, माझे वडील सायकलवर आहेत, मी त्यांना आत्ता माझ्या डोळ्यांनी बघतोय. आणि त्यानं फोन ठेवून दिला. पण जिवाला राहवेना म्हणून बापाला तीनदा फोन लावला. मग त्याला मेसेज मिळाला. रायडिंग, ऑल फाइन. माझा. मी खुर्ची गाठली आणि काकांचा फोन काढून तो मेसेज परत वाचला.

खुब्याचं हाड मोडलं होतं. काका स्ट्रेचरवर, ओठ सुकलेले. कॅप्टननं बाहेर जाऊन मुलाला फोन केला. तो येईपर्यंत काकांनी माझा हात धरला आणि सगळ्यांकडे बघून तमिळमध्ये आणि मग मला मराठीत एकच गोष्ट सांगितली. “तो येईल. आजच फोन राहिला म्हणून सांगा. फक्त आज. नियम त्याचा काही असू दे, एक दिवसाची चूक तो सोडेल. नाहीतर सायकल जाईल, बाई.” हाड मोडून पडलेला माणूस, आणि त्याला दुखण्याची पडली नव्हती, पडली होती ती सायकलीची. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. हे नीट लिहून ठेवते, मीही हलवली.

मुलगा आला तो घरातल्या चड्डीवरच. चाळिशीचा, जाडजूड, केस विस्कटलेले. आधी बापाच्या कपाळावर हात ठेवला आणि मग आमच्यावर फुटला. हॉस्पिटलचा तो अख्खा व्हरांडा त्यानं डोक्यावर घेतला. माझ्या बापाचा फोन पुलावर काय करत होता? मेसेज कोणी टाकला? कोण आहात तुम्ही लोक? तर कॅप्टन पुढे झाला. मी ज्याला पाच वर्षं ढोंगी म्हणत आले तो कॅप्टन. मान खाली घालून म्हणाला, “चूक माझी आहे. फोटोसाठी फोन घेतला, तो आमच्याकडे राहिला. मेसेज मी टाकला. मला वाटलं, अंकल मागून येताहेत. मी माणसं मोजायला हवी होती.” मी टाकलेला मेसेज त्यानं आपल्या अंगावर घेतला. मुलानं विचारलं, “फक्त आज?” कॅप्टन म्हणाला, “फक्त आज.” मुलानं त्याला आणखी चार शब्द सुनावले, त्यानं ऐकून घेतले. मग मुलाचा आवाज उतरला. तो बाकावर बसला, तोंड पुसलं. काकांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. वादळ गेलं होतं, सायकल वाचली होती.

आणि मग मुलाची नजर माझ्यावर पडली. “त्या मराठी बाई तुम्हीच ना?” त्यानं इंग्रजीत विचारलं. “अप्पा सारखं तुमचं नाव काढतात. आंटी, तुम्हाला घरी कोणी नाही का? या वयात दुसऱ्यांच्या वडलांना घेऊन रस्त्यावर कशाला फिरता? नवऱ्यानं टाकलंय का तुम्हाला?”

बाकीचं मी गिळलं असतं. ते ‘आंटी’ मला गिळवलं नाही, आणि ते शेवटचं तर नाहीच. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी मराठीत सुरू झाले, कारण राग मला दुसऱ्या भाषेत येत नाही, आणि त्याला मराठी बोलता येत नसलं तरी कळत होतं. “तू कोणाला विचारतोस रे? तुझा बाप गेले सहा महिने त्या पुलावर गेलेला नाही! दर रविवारी तुला दिसतो तो तुझा बाप नाही, तो या लोकांच्या खिशातला फोन आहे! तो बिचारा पनैयूरच्या कट्ट्यावर बसलेला असतो. का? तर दम लागला म्हणून दहा मिनिटं टेकला की तू त्याला फाडून खातोस. तुझ्या धाकानं बाप चोर झालाय, आणि तू मला विचारतोस घरी कोणी नाही का? मेसेज मी टाकला! हा नाही, मी!” आणि मी काकांचा फोन त्याच्या मांडीवर आपटला.

बाकीच्यांना मराठी कळत नव्हतं. पण फोन आपटलेला बघून सगळ्यांना सगळं कळलं. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. छाती मोकळी झाली. चांगले पाच-सहा सेकंद मला वाटलं, की या सगळ्या दिखाऊ लोकांत खरं बोलायची हिंमत असलेली मी एकटीच. मग मी काकांकडे बघितलं. त्यांनी माझा हात सोडून दिला होता आणि डोळे मिटून घेतले होते.

मुलगा ओरडलाच नाही. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यानं फोन उघडला आणि अ‍ॅपमध्ये मागचे रविवार बघायला लागला. बोटानं एकेक रविवार मागे सरकवत होता. “हाही?” असं कॅप्टनला विचारायचा. कॅप्टन जमिनीकडे बघायचा. “आणि हा?” असे किती तरी. एका रविवारी थांबला आणि म्हणाला, “हा मी ऑफिसात सगळ्यांना दाखवला होता.” मग त्यानं फोन बंद करून खिशात ठेवला आणि डॉक्टरांशी बोलायला गेला.

खाली पार्किंगमध्ये कॅप्टन माझ्यापाशी आला. मी तयारीत होते. त्यानं माझ्यावर ओरडावं आणि मी त्याच्याशी दोन हात करावे, असं मला फार वाटत होतं. तो हळूच म्हणाला, “आम्ही बाराजण सहा महिने गप्प होतो. तुम्हाला दहा मिनिटं राहता आलं नाही.” एवढं बोलून तो सायकलवर बसला. दुपारी ग्रुपमधून माझं नाव गेलेलं होतं. मी त्यांना काय वाट्टेल ते बोलले, घरात एकटीच, भिंतीशी. गेले उडत. फॅमिली म्हणे. पण त्या रात्री पहिल्यांदा मला कळलं, की ज्याला मी इतके दिवस दिखावा म्हणत होते तेवढंच एक काम या लोकांनी मनापासून केलं होतं, आणि ते मी मोडलं.

काकांचं ऑपरेशन झालं. सायकल त्यांना हॉस्पिटलातून घरी आणायच्या आधीच मुलानं कोणाला तरी देऊन टाकली. कोणाला, ते काकांना सांगितलं नाही, म्हणजे ते मागायला जाऊ नयेत. हे मला त्यांच्या सुनेनं दारात सांगितलं, मी तीन आठवड्यांनी भेटायला गेले तेव्हा. मुलगा ऑफिसात होता. तिनं मला आत घेतलं, पण पाणी विचारलं नाही, आणि ते ठीकच होतं.

काका बाल्कनीच्या आतल्या बाजूला खुर्चीत, शेजारी वॉकर. आणखीच वाळले होते. मी माफी मागायला गेले होते. वाटेत दहा वेळा घोकून गेले होते. आणि समोर बसल्यावर माझ्या तोंडून काय निघावं? “काका, मी खोटं तर नव्हते बोलले.”

“नाही,” ते म्हणाले. “खरंच बोललीस.” मग त्यांनी गुडघ्यावरचा पंचा नीट केला. “पण ते खोटं माझं होतं, बाई. मोडायचं तर मी मोडलो असतो.”

मी म्हटलं, “तो मला आंटी म्हणाला, टाकलेली म्हणाला, म्हणून बोलले मी. तुमच्यासाठी नाही बोलले. माझ्यासाठी बोलले.” ते रागावतील, शिव्या देतील तर बरं, असं वाटत होतं.

ते म्हणाले, “ते तेव्हाच दिसलं मला.”

निघताना मी विचारलं, येत जाऊ का अधूनमधून. ये म्हणाले, मराठी बोलायला कोण आहे मला. मी चपला घालेपर्यंत ते बाहेर रस्त्याकडे बघत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “रविवारी मात्र येऊ नको. रविवारी मला कोणी नको असतं.”

मी बरं म्हटलं आणि खाली आले.